गाडीचा गैरसमज

२ फेब्रुवारी

आज डॅशबोर्डला बुक्की मारली. डॅशबोर्डला काही झालं नाही. करंगळी सुजली.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मीच मला तापट म्हणायचो. सिग्नलला डिझेल शेजारी येऊन उभा राहिला. डिझेल म्हणजे समोरच्या फ्लॅटमधला. गाडी जुनी, अक्कल त्याहून जुनी. हिरवा लागला आणि तो माझ्या तोंडावर धूर सोडून पुढे गेला. मी इलेक्ट्रिकवाला, मागे. दोष माझ्या पायाचा नाही. कंपनीने मोटरची एक तृतीयांश ताकद सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद ठेवली आहे. महिन्याच्या महिन्याला वेगळे पैसे भरा, मग उघडतो म्हणतात. घोडे माझे, वैरण माझी, लगाम त्यांच्या हातात.

ही दातांची डॉक्टर. दाढ हलवून बघतात तशी तिने करंगळी हलवून बघितली. मी ओरडलो. मोडलेली नाही म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

संकल्प: राग आवरणे. आणि आपले घोडे आपण सोडवणे.

५ फेब्रुवारी, सकाळी

गाड्यांचं सॉफ्टवेअर फोडणाऱ्या मालकांचा एक ग्रुप सापडला. तिथल्या गुरूचं टोपणनाव 'मोकाट'. फोटोत त्याच्या मानेला पट्टा आहे. अनुभवी माणूस दिसतो. त्याने मला एकच प्रश्न विचारला, गाडी तुझी की कंपनीची? वाचून छाती भरून आली. इतक्या वर्षांत ऑफिसात मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारलेला नाही.

हिला सगळी योजना सांगितली. ती क्लिनिकला निघाली होती, चप्पल घालता घालता ऐकत होती. दारातून म्हणाली, "बाकी काय हवं ते कर. ब्रेकला हात लावू नकोस."

ती आपोआप लागणाऱ्या ब्रेकबद्दल बोलत होती. गेल्या वर्षी क्लिनिकच्या गल्लीत उभ्या टेम्पोमागून एक पोर पळत आडवं आलं. हिचा पाय पोचायच्या आत गाडीनेच ब्रेक मारला. पोर पळून गेलं. ही तिथेच गाडीत बसून रडली. तेव्हापासून तिचा त्या ब्रेकवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

शब्द दिला. मी शब्दाचा पक्का आहे.

८ फेब्रुवारी

पहिला प्रयोग. लॅपटॉप, केबल, मी आत, दारं बंद. फाईल चढवली. दारांची कुलपं लागली, हीटर फुल झाला आणि वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर. बराच वेळ शांत राहिलो. मग लाथा मारल्या. मग डोकं मारलं. इलेक्ट्रिक गाडीची काच उत्तम दर्जाची असते, हे नमूद करतो.

शेवटी डिझेलने बाहेरून हातोडा आणला. मागची छोटी काच फोडली असती तरी चाललं असतं. त्याने माझ्या कानाजवळची मोठी फोडली. एका घावात फुटली, तरी त्याने अजून दोन घातले. केसांतल्या काचा हिने काढल्या. तिचा चिमटा बारीक आहे, हात हलका आहे. पेशंट उगाच तिचं नाव काढत नाहीत.

तात्त्विकदृष्ट्या प्रयोग यशस्वी. गाडीने माझी फाईल स्वीकारली, हे महत्त्वाचं.

११ फेब्रुवारी

डाव्या भुवईवर टाके. गाडीचा संबंध नाही, ड्यूटीवर पडले.

मी पाणीखात्यात मीटर तपासनीस. एका घरात मीटरचं सील तोडलेलं सापडलं. आतलं चाक दोऱ्याने बांधलं होतं. मालकाला कायदा समजावला. तो म्हणाला, मीटर माझ्या भिंतीवर आहे, भिंत माझी आहे, मी हवं ते करीन. मी म्हटलं, अशाने समाज चालत नाही. त्याने पान्हा मारला. रक्त डोळ्यात उतरत असताना मी एका डोळ्याने त्याचं कनेक्शन तोडलं. तोडताना त्याने पोटरीवर आणखी एक मारला. सील तोडणाऱ्या माणसाची वृत्तीच हिंसक असते. शहाण्याला शब्दाचा मार, पण अशांना शब्द लागू पडत नाही.

संध्याकाळी गाडीच्या कंट्रोल बॉक्सचं सील ब्लेडने अलगद काढलं. मोकाट म्हणतो, आता कुलूप उघडेल.

१४ फेब्रुवारी

उघडलं. सगळे घोडे सुटले. पेडलला पाय लावला की पाठ सीटमध्ये रुतते.

अडचण एकच. डिझेलला गाठायला गेलो की त्याचा बंपर दिसताच गाडी स्वतःच ब्रेक मारते. आज सकाळपासून कपाळ स्टिअरिंगवर आपटून आपटून भुवईचा एक टाका उसवला. डिझेलने आरशात बघून हात हलवला. मी स्टिअरिंगला चावलो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असा नियम आहे.

ब्रेकला हात लावायचा नाही, शब्द दिलाय. मोकाटला तसं स्पष्ट कळवलं. तो म्हणाला, लावायची गरजच नाही.

१५ फेब्रुवारी

उपाय फार सुंदर आहे. कारखान्यात गाडी रोलरवर चढवून चाकं जागच्या जागी फिरवून बघतात. समोर भिंत असते, माणसं असतात. त्यांना बघून गाडी सारखी ब्रेक मारायला लागली तर तपासणी व्हायची कशी? म्हणून तिच्यात एक टेस्ट मोड असतो. तेव्हा गाडीला सांगतात की तू रोलरवर आहेस, चाकं कितीही फिरली तरी तू कुठेही जात नाहीस, समोर काय आहे त्याच्याशी तुला कर्तव्य नाही.

मी तो मोड कायमचा लावला. म्हणजे ब्रेक जिथल्या तिथे आहे. त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. फक्त गाडीचा एक गैरसमज करून दिला. पायाने दाबायचा ब्रेक तर ठणठणीत चालतो.

स्क्रीनवर एक पिवळी पट्टी येत होती. हिला उगाच काळजी वाटायला नको म्हणून ती पट्टी बंद केली. शिवाय मोड माझ्या नावावर लावलाय. ही तिच्या नावाने गाडी सुरू करते, तेव्हा तिला तो लागू नसणार. माझ्या मते.

१७ फेब्रुवारी

जिंकलो.

गोदामांच्या रस्त्याला डिझेल पुढे होता. मी गेलो. त्याचा आरसा उडाला. माझा आरसा उडाला. जिंकल्यावर थांबायला जागा थोडी कमी पडली आणि मी सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीत शिरलो. गाडीने समोरच्या थप्पीची अजिबात दखल घेतली नाही. मोड उत्तम चालतो याची खात्री पटली.

डिझेल उतरून आला. मी पांढराफटक होतो, त्याला आधी ओळखू आलो नाही, मग ओळखून त्याने कॉलर धरली. त्याने नाकावर मारली. मी गुडघा मारला. मग आम्ही सिमेंटमध्ये लोळलो. त्याने बरगडीत लाथ घातली, मी त्याच्या दंडाला चावलो आणि हमाल सोडवायला येईपर्यंत सोडलं नाही. एका हमालालाही चुकून बुक्की बसली. त्याने ती दोघांना परत केली.

बंपर स्वतः ठोकून सरळ केला. हिला सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. तिने केसांतलं सिमेंट बघितलं आणि विचारलं, बाथरूमचं काम काढलंय का? पडलो तरी नाक वर होतं. सुजल्यामुळे.

१९ फेब्रुवारी

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, बॉक्सिंग शिकवतो. दाजी, कुठे लागलंय बघू, म्हणाला आणि बरगडीवर अंगठा दाबला. दाबून धरला. डिझेल त्याच्याच जिममध्ये येतो, हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, तुम्ही एकमेकांची हाडं मोडा, माझं काही म्हणणं नाही. पण गाडी ताईसुद्धा चालवते. ताईला ओरखडा आला तर तुमचे दात तिलाच मोजायला लागतील.

मी हसून सोडून दिलं. हसताना बरगडी दुखली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

तरीही संकल्प: रविवारी मोड काढून टाकणे. घाबरून नाही. आपणहून.

२२ फेब्रुवारी, रविवार

केबल सापडली. लॅपटॉप चार्ज नव्हता. मग झोप लागली. उद्या नक्की.

२३ फेब्रुवारी

मोकाट म्हणतो, शर्यतीचा व्हिडिओ टाक, लोक वाट बघताहेत. मोड काढला तर व्हिडिओ कसा करणार? एक दिवसाने काय होतंय. ही आठवडाभर त्याच गाडीने क्लिनिकला जाते आहे, तिला काहीसुद्धा जाणवलेलं नाही. म्हणजे तिच्या नावाला मोड लागू नाही, हे सिद्ध झालं.

उद्या नक्की.

२४ फेब्रुवारी

मोड नावावर नसतो. गाडीवर असतो.

क्लिनिकच्या गल्लीत हातगाडीवाला आडवा आला. हिने पाय हलवला, पण सवयीने निम्माच. उरलेलं गाडी करते, हे तिला गेल्या वर्षापासून माहीत होतं. गाडीने काही केलं नाही. हिने स्टिअरिंग ओढलं आणि स्वतःच्या क्लिनिकच्या भिंतीवर गेली. हातगाडीवाल्याला काही झालं नाही. हिचा उजवा हात स्टिअरिंगमध्ये अडकून पिळला गेला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. भिंतीचा कोपरा पडला.

तिला दवाखान्यात डिझेलने नेलं. मागून तोच येत होता. त्याच्या सीटवर तिचं रक्त सांडलं. मला फोनही त्यानेच केला. मी ऑफिसात ग्रुपवर होतो.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, लिहिता येईल, जेवता येईल. दात काढण्याएवढी पकड येईल का, ते आत्ता सांगता येत नाही.

भिंतीच्या बांधकामाबद्दल एक तक्रार मनात आली होती. लिहीत नाही.

२५ फेब्रुवारी

ही डोळे मिटून पडली होती. मी समजावून सांगितलं. रोलर, कारखाना, गाडीचा गैरसमज, मी ब्रेकला हात लावलेला नाही, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "ब्रेक लागणार नाही, हे तुला माहीत होतं का?"

मी पुन्हा रोलरपासून सुरुवात केली.

"मी एवढंच विचारलं. माहीत होतं का?"

हो म्हणालो.

तिने डावा हात पुढे करून पाण्याचा ग्लास घ्यायचा प्रयत्न केला. मी उचलून द्यायला गेलो. तिने नर्सला हाक मारली.

२७ फेब्रुवारी

मेहुणा येणार हे माहीत होतं. जाड जाकीट घातलं. आत वर्तमानपत्रं खोचली, बरगडीवर दोन जास्त. मग सगळं काढून टाकलं. म्हटलं, होऊन जाऊ दे. नाकावर, दातांवर, जिथे हवं तिथे. मी हात वर करणार नाही. आरशासमोर उभं राहून तसं राहूनही बघितलं.

तो आला. हिचे कपडे, चष्मा, औषधं पिशवीत भरली. मी त्याच्या वाटेत उभा राहिलो. तो बाजूने गेला. मी पुन्हा वाटेत आलो. मग म्हटलंच, मार. त्याची मूठ वळलेली होती. पिशवीच्या पट्ट्यात इतकी घट्ट वळलेली की पट्टा तुटला.

"ताईने सांगितलंय, त्याला हात लावायचा नाही," म्हणाला.

तुटलेला पट्टा त्याने गाठ मारून बांधला आणि गेला. मी दाराला डोकं आपटलं. एकदाच. पुढे काही जमलं नाही.

१४ मार्च

गाडी दुरुस्त होऊन आली. कंपनीने आपलं सॉफ्टवेअर परत घातलं. आपोआप ब्रेक चालू, घोडे पुन्हा बंद. सर्व्हिसवाल्याने माझ्यासमोर पुठ्ठ्याचा माणूस उभा करून दाखवला. गाडी हातभर अलीकडे थांबली. ग्रुप सोडला. मोकाटने विचारलं, घाबरलास?

उद्या ही क्लिनिक बंद असल्याची पाटी लावायला जाणार आहे, असं मेहुणा फोनवर म्हणाला. मी म्हटलं, मी सोडतो, गाडी आता पूर्णपणे सुरक्षित आहे. तो म्हणाला, ताईला विचारा.

संकल्प: काहीही समजावून सांगायचं नाही.

१५ मार्च

मेहुण्याच्या दारात गाडी लावली. ही बाहेर आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, डाव्या काखेत पाटी. मी उतरून दार उघडलं. तिने दाराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि चालायला लागली. पाटी दे तरी, म्हटलं. नको म्हणाली.

अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. ही मधून चालत होती. मी गाडीत बसून तिच्या मागे निघालो. थोडा पुढे गेलो की गाडी ब्रेक मारायची. स्क्रीनवर लाल अक्षरं, समोर माणूस आहे. मी पाय उचलायचो, गाडी सरकायची, पुन्हा ब्रेक. कपाळ पुढे, मान मागे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. पाटी काखेतून घसरत होती, ती थांबून कोपराने वर सारत होती. काच खाली करून म्हटलं, मी मागे आहे.

"माहीत आहे," म्हणाली. वळून बघितलं नाही.

कोपऱ्यावर ती डावीकडे क्लिनिकच्या गल्लीत वळली. मला वळता आलं नाही, मागच्या गाड्यांनी रेटा लावला होता. मी सरळ निघालो. तिथून घरापर्यंत गाडीने एकदाही ब्रेक मारला नाही. समोर कोणी नव्हतं.