बसकी उठली पाहिजे

२१ मे १९५८, बुध.
रिकामी गाडी घेऊन म्हसळ्याच्या वाटेने जाऊन पाहिलं. घाटी उतरली, पण खालच्या आडव्या खडकावर पोट टेकलं आणि बसली तिथेच. गुराख्यांनी मागे ओढून काढली. दिघीत हिला 'बसकी' म्हणतात ते उगाच नाही. मुंबईच्या आधीच्या मालकाला शर्यतीचा नाद, त्याने स्प्रिंगांचे पाटे काढून गाडी जमिनीला चिकटवली. तिथे रस्ते गुळगुळीत. इथे काय करू?

बायकोला, इंदूला, म्हसळ्याला न्यायचं आहे. मूल पोटात आडवं आहे. तिथले डॉ. म्हणाले, कळा सुरू व्हायच्या आत आणून ठेवा, बैलगाडीचे धक्के नकोत. लाँच समुद्र खवळल्यामुळे बंद. राहिली ही बसकी.

२२, गुरु.
करीमभाई लोहाराकडे. मोडीत काढलेल्या लॉरीचे पाटे त्याच्याकडे पडले होते, ते कापून बसवायला घेतले. म्हणाला, चार बोटं उठेल. मला सहा हवीत. तो हसला, "उंट हवा तर उंट घे ना."

पालीच्या मित्राला निरोप धाडलाय, त्याच्याकडची मोठ्या गाडीची रुंद चाकं पाठव म्हणून. चाक मोठं असलं की आणखी दोन बोटं उंची मिळेल, आणि वाटेतल्या ओढ्याच्या, वहाळाच्या वाळूत रुतणारही नाही. तो पाठवेल. पाठवायलाच हवीत.

२४, शनि.
चाकं आली! म्हसळ्यापर्यंत ट्रकने, पुढे बैलगाडीने. भोकं जुळली, हे नशीब. पण वळवली की मडगार्डला घासतात. मडगार्ड कापले. आता गाडी ओठ फाटल्यासारखी दिसते. दिसू दे.

इं. दारात बसून बघत होती. "बाळंतपण तिचं आहे का माझं?" म्हणाली. हसलो दोघंही. मग ती पाठ धरून आत गेली आणि माझं हसू गेलं.

२६, सोम.
गाडी ठोकळ्यांवर चढवली तर मागच्या अंगाला चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाच, चिरलेली. खाऱ्या हवेने आतून खाल्ली आहे. नवे पाटे कडक, ते जोर लावणार, आणि हाडच कुजकं. करीमभाईने हातोडीने ठोकून पाहिलं. मी विचारलं, सोडून द्यायचं का?

"गाडीचं असतं तर सोडलं असतं," म्हणाला. भट्टी पेटवली. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, लाल करून रिव्हेटी मारल्या. मी पकडून उभा. हात भाजला. बरं वाटलं, निदान हे दुखणं तरी समजण्यासारखं.

२७, मंगळ.
मागच्या सीटवर, इं. बसेल तिथे, तांदळाची पोती ठेवून गेलो. घाटी उतरली. खडक खालून निघून गेला, नुसता गेला! वहाळातही रुतली नाही. पलीकडे गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. पेट्रोल संपत आलंय, नवा डबा गुरुवारी मिळेल. डॉ.ना सांगून आलो, शुक्रवारी आणतो.

२९, गुरु.
काय लिहू.

मामा, म्हणजे माझे सासरे, होडीचे तांडेल. जन्म होडीवर गेला. दुपारी मी डिझेलवाल्याकडे पेट्रोलच्या डब्यासाठी गेलो होतो. परत आलो तर मामा गाडीपाशी बसलेले, हातात चिंधी, शेजारी मुशी माशाच्या तेलाचा डबा. चारही टायर चकचकीत. होडीला चोपडतात तसं सगळं चोपडलेलं, चाकामागच्या फटींतूनही तेल ओतलेलं. मला बघून खूश झाले. "खारं लागलं की चिरतं, जावईबापू. चासी चिरली ना तुमची. आता न्हाय चिरायची."

ब्रेक चाकाच्या आत असतात, तेल लागलं की धरत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार. सांगितलं नाही. पेडल दाबून बघितलं, गाडी धरतच नाही. घाटीच्या तळाशी तो खडक आहे.

संध्याकाळी इं.च्या पाठीत चमका.

३०, शुक्र., सकाळी
चाकं उतरवून आतलं सगळं रॉकेलने धुतलं, राख चोळली, परत धुतलं. करीमभाई सोबत. तीन चाकं धरतात, डावं मागचं धरत नाही. टायरही बुळबुळीत, वाळूने घासतोय. रबर मऊ पडलंय. मामांना आम्ही कोणी काही बोललो नाही, पण माणूस आंधळा नाही. कोपऱ्यात बसून राहिले. चहाही घेतला नाही.

इं.ला खरं सांगितलं. सुईण म्हणते अजून कळा नाहीत, पण लांबणार नाहीत. इं. म्हणाली, "इथे राहिले तर काय होईल ते मला माहीत आहे. चला."

आत्ता मामा होडीकडून आले. खांद्यावर होडीचा नांगर, सोबत दोर. काही न विचारता करीमभाईने मारलेल्या पट्टीला दोर बांधला, तांडेलाची गाठ. दाराखालच्या पायफळीवर उभं राहून येणार म्हणतात. "तुमचं त्ये पेडल सुटलं तर मी ह्यो टाकीन. होडी धरतो, गाडीबी धरंल."

दोर तुटेल, नाहीतर पट्टी उखडेल. किंवा धरेल. माझ्याकडे दुसरं काही नाही.

इं. मागे बसली. खिडकीतून बापाचा हात धरलाय. "बाबा, टाकाल तेव्हा मला आधी सांगा."

वही इथेच ठेवून जातो.