ताई माझं वाक्य पूर्ण करते

४ फेब्रुवारी, शनिवार

लिफ्ट घसरली. मी पोचायच्या आधीच घसरली!

बिल्डिंगखाली ही गर्दी. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणक्लासच्या बाईंना स्ट्रेचरवरून नेत होते. मांडीचं हाड मोडलंय म्हणे. आत क्लासच्या मुली, दुरुस्तीहून आलेलं मशीन — लिफ्ट गच्च भरलेली. बाई सगळ्यांत पुढे. त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि लिफ्ट खाली सरकली.

माझ्या पिशवीत पाटी होती. ‘लिफ्ट बंद आहे.’ तीच लावायला निघालो होतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पिशवीत डोकावून पाहिलं. “आता आणलीत होय?”



५ फेब्रुवारी, रविवार

इथे लिहून ठेवतो. कागदावर मी अडत नाही. कागद माझ्या तोंडाकडे टक लावून बघत नाही ना!

शुक्रवारी मी त्या लिफ्टची सर्व्हिसिंग केली. ब्रेक धरत होता. घरी येऊन हात धुतले तर बेसिनमध्ये काळी पूड. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला — ब्रेकचे लायनर, म्हणजे पकड धरणाऱ्या पट्ट्या, आतून झिजलेत. लिफ्ट भरली की घसरणार. नवे लायनर सोमवारी मिळणार होते. तोवर ती बंदच ठेवायला हवी होती.

लगेच सेक्रेटरींना फोन लावला. एवढं म्हणालो, “सोमवारी नवे लायनर टाकतो. तोपर्यंत लिफ्ट ब— ब—” आणि अडलो. मेला तो ‘ब’! ताई मागेच उभी. नेहमीसारखा तिने फोन माझ्या हातातून घेतला. “तो सोमवारी येऊन लायनर बदलतो म्हणतोय. काळजी करू नका. ठेवते हं!” आणि ठेवला.

‘बंद’ राहून गेलं.

मी पुन्हा लावायला हवा होता. नाही लावला. परत तोच ‘ब’, परत पलीकडचं ते “हॅलो? हॅलो?” सकाळी जाऊन पाटीच लावतो म्हटलं. आज दिवसभर स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटतेय.

६ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात टायने बोलावलं. आमचा सुपरवायझर. उन्हाळा असो की हिवाळा, गळ्यात टाय असतोच. म्हणाला, पुढच्या मंगळवारी, चौदा तारखेला चौकशी आहे. तोवर कामावर यायचं नाही. लायसन्स जाऊ शकतं. बाईंच्या घरच्यांनी तक्रार केली तर पोलीसही येतील.

“सेक्रेटरी म्हणतात, फोन आला होता, पण एक बाई बोलल्या. काळजी करू नका म्हणाल्या. कोण होत्या त्या?”

मी मान खाली घातली. टाय म्हणाला, “बरं बरं, आठवून सांगा.” मला आठवत नाही असं त्याला वाटलं! माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ज्याला जसा सोयीचा तसा तो लावतो.

ताईला फक्त चौकशीचं सांगितलं. तिचे डोळे लाल झाले. मग पदर खोचून उभी राहिली. “मी येते तुझ्याबरोबर. बघतेच कोण तुला बोलतंय ते!”

७ फेब्रुवारी, मंगळवार

ताई बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. समोरचा “अहो, ती गाडी...” म्हणेपर्यंत हिने वेळ आणि फलाट सांगितलेला असतो. आणि बहुतेक वेळा बरोबर असतो, हीच तर पंचाईत आहे. आई गेल्यापासून माझे फोन, माझी बँक, माझा डॉक्टर, सगळीकडे तिचंच तोंड चालतं.

शाळेत मला ‘तोतऱ्या’ म्हणणाऱ्या पोराच्या दंडाला ती कडकडून चावली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, का चावलीस? तर म्हणते कशी, “बाळ्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून मी दिलं.” शिक्षा म्हणून उन्हात उभी राहिली. हसत होती माझ्याकडे बघून!

अशा बहिणीला मी काय सांगू?

९ फेब्रुवारी, गुरुवार

व्हायचं तेच झालं. सेक्रेटरी काय म्हणाले ते टायने फोनवर ताईलाच सांगितलं. (फोन अर्थात तिनेच उचलला.) फोन ठेवला आणि तिने पर्स आपटली.

“खोटं बोलतोय तो माणूस! मी स्वच्छ सांगितलं होतं, लिफ्ट बंद ठेवा म्हणून!”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवतंय. माझं वाक्य तिने तिच्या डोक्यात कधीच पूर्ण करून टाकलंय. फक्त फोनवर करायचं राहिलं.

“बंद ठेवा, सोमवारी येतोय. अगदी असंच म्हटलं मी. हो ना रे बाळ्या?”

मी मान हलवली. हो म्हणून.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलात गेलो. बाईंचा पाय वर टांगलेला. त्यांची मुलगी दारातच आडवी आली. “काय हवंय?” “म— म—” तिथेच अडलो. मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. तिने दार लावून घेतलं.

ताई बरोबर असती तर आत गेलो असतो. हा विचार आला आणि स्वतःचीच लाज वाटली.

१२ फेब्रुवारी, रविवार

झोप नाही, जेवण नाही. ताईने मात्र भाषणाची तयारी चालवलीय. भांडी घासता घासता साहेबांना सुनावते. “माझा भाऊ एक स्क्रूसुद्धा सैल ठेवत नाही!” कढई बिचारी ऐकून घेते.

ती उभी राहिली तर सेक्रेटरी तिला तोंडावर खोटी पाडणार. आणि त्या माणसाचं खरं आहे. मग तिला आठवेल. आठवलं की संपलं. मला ताई माहीत आहे — ते मोडलेलं हाड ती जन्मभर स्वतःच्या उशाशी घेऊन झोपेल. ज्या बाईने आयुष्यभर माझी बाजू घेतली, तिलाच मी सांगू की तुझ्यामुळे झालं?

नाही सांगणार. लायसन्स गेलं तर गेलं. पंखे दुरुस्त करीन.

ठरलं. सांगायचं — मीच बंद ठेवायला सांगायला विसरलो. माझा फोन, माझी चूक. ताईचा विषयच नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

ताईला म्हणालो, उद्या ये, पण बोलायचं नाही. हे एवढं सांगायला चहा निवून गेला. मध्ये तीनदा तिने माझं वाक्य पळवायचा प्रयत्न केला. मी टेबलावर हात आपटला! आजपर्यंत कधी आपटला नव्हता.

ती दचकली. “बरं. नाही बोलत. तोंडाला कुलूप.” आणि ओठांवर बोट ठेवून बसली. पण चेहरा पडला होता तिचा.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे टाय आणि दोन मोठे साहेब, एका बाजूला सेक्रेटरी. माझ्याशेजारी ताई.

साहेब म्हणाले, “लिफ्ट बंद ठेवायला सांगितलं होतं का?”

वाक्य पाठ करून गेलो होतो. मी ते सांगायला विसरलो. बस! पण तोंडातून निघालं ते असं — “तोपर्यंत लिफ्ट ब— ब—” आणि तिथेच रुतलो. मान ताठरली, डोळे मिटले. साहेबांची खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. मी वाट बघत होतो. लहानपणापासून अशा वेळी तिचा आवाज येतो. नको म्हणून मीच सांगितलं होतं, तरी वाट बघत होतो.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर ती माझ्या ओठांकडे बघत होती. तोंड पांढरंफटक.

शेवटी माझं मीच ओढून काढलं. “बंद ठेवा, असं सांगायला मी विसरलो.” टायने लिहून घेतलं. सेक्रेटरी काहीतरी म्हणणार होते, पण साहेबांनी हात वर केला. झालं.

बाहेर आल्यावर ताई झपझप पुढे निघाली. बसमध्ये खिडकीकडे तोंड. घरी येऊन आतल्या खोलीत गेली. मी दार वाजवलं. “जेवून घे” एवढंच आलं आतून.

रागावली. मी तिला खोटं पाडलं ना! ती म्हणते सांगितलं, मी म्हणतो सांगितलंच नाही. पण माझ्या डोक्यातून एक जात नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अडलो आणि ती नुसती बसून राहिली. मीच सांगितलं होतं, कबूल. तरी लागलं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ताई घरात नव्हती. चहाची भांडी तशीच. बस स्टँडच्या खिडकीत फोन केला, तिथेही नाही.

मग टायचा फोन आला. “तुमच्या ताई इथे आल्यात. मी ऑफिस उघडायच्या आधीपासून पायरीवर बसल्या होत्या. म्हणतात, कालचं सगळं खोडा. काल तुम्ही ज्या शब्दावर अडलात ना, त्या दिवशीही तिथेच अडला होतात, आणि तिथेच त्यांनी फोन ओढून घेतला. बंद ठेवा असं कुणीच म्हटलं नाही. काल तुम्हाला तसं बघून त्यांना आठवलं म्हणे. आता तुम्ही सांगा, काय खरं?”

“ता— ता—”

“ताई तुम्हाला वाचवायला खोटं बोलतायत, असंच ना? लिहितो तसं.”

मागून ताईचा आवाज आला. रडून बसलेला.

“थांबा साहेब. त्याचं त्याला बोलू द्या.”

टाय थांबला. मी बोललो, जसं झालं तसं. सगळं. पुष्कळ वेळ लागला.