टाळ्यांचा मुकादम

ता. ९, मंगळवार

चिरंजीव धाकटीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज कागद घेऊन बसायचो आणि उठायचो. तुझा खोकला गेला का? गार पाणी पिऊ नकोस. दाराला कडी लावत जा.

आपलं ऑपेरा हाऊस पुन्हा उघडतंय. रंग दिलाय, म्हणजे म्हातारीला पावडर फासली आहे. कमिटीने त्याच्या इतिहासाचं पुस्तक काढलंय. पानोपानी म्हणे रसिकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. कसले रसिक! वरच्या बाल्कनीत मी आणि माझी भाड्याची माणसं. मी डोकं खाजवलं की टाळ्या, रुमाल काढला की वन्स मोअर. ज्या थोरल्या बाईंचा पुतळा आता जिन्यात बसवलाय, त्यांचा फाटणारा वरचा सूर आम्ही टाळ्यांखाली झाकायचो. आणि तो ढेरपोट्या नायक! आमच्यातला एकजण नुसता खोकला तरी त्याची तान घशात अडकायची. सगळे एका माळेचे मणी.

कमिटीचा सेक्रेटरी घरी आला होता. उद्घाटनाला तू एक गाणं म्हणावंस म्हणतो. मी म्हटलं, तिने गाणं सोडलं. का, ते सांगितलं नाही.

तुझ्या पहिल्याच खेळानंतर तो ढेरपोट्या विंगेत सगळ्यांसमोर म्हणाला, "बाप टाळ्यांचा मुकादम, मग पोरीला काय कमी?" तू माझ्याकडे पाहिलंस. बोललो असतो तरी चोराने शपथ घेतल्यासारखंच झालं असतं. तू तोंडाचा रंगही न पुसता निघून गेलीस.

तर ऐक. त्या दिवशी मी माझ्या माणसांना हात खिशात घालून बसवलं होतं. पोरीचं खरं काय ते कळू दे म्हटलं. तुझं गाणं संपलं आणि काहीच झालं नाही. मग खालून एक टाळी आली, थांबली. दुसरीकडून तीन-चार आल्या. मग कुठूनही, कशाही, वेड्यावाकड्या. आमच्या टाळ्या कवायतीसारख्या एकदम पडतात, पोरी. या तशा नव्हत्या. आमच्यातल्या एकाने हात बाहेर काढले, तर मी त्याला दटावलं. तो म्हणाला, "मुकादम, आज फुकट वाजवतो. वाजवू द्या की."

मी त्यालाही वाजवू दिलं नाही.

यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, सेक्रेटरीला मी काहीतरी थाप मारीन. पण पोस्टमन रोज दारावरून तसाच पुढे जात राहिला, तर माणसाने काय समजायचं? दोन ओळी लवकर टाक. नाही म्हणालीस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
बाबा