उम्म सहलची खुर्ची

प्रिय मैसून,

हे पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा करून घे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू दुसऱ्या वाक्याला मला तोडलं असतंस आणि मी नेहमीसारखा "हो, हो" म्हणत फोन ठेवला असता. बातमी आधी सांगतो. आमच्या कंपनीने पत्त्यांचा खेळ बंद करायचं ठरवलंय. येत्या गुरुवारनंतर तरनीबची सगळी टेबलं कायमची मिटणार. तू म्हणशील, फोनवरचा एक पत्त्यांचा खेळ बंद होतोय, त्यात एवढं काय? पण त्या टेबलावर बाबा रोज बसतात, आणि ते का बसतात हे तुला माहीत नाही. ते सांगायलाच बसलोय, फक्त तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल.

ऑफिसात सगळे आता नव्या खेळाला लागलेत. दोन टोमॅटो एकमेकांवर सरकवले की भोपळा होतो, दोन भोपळ्यांची झोपडी होते, आणि असंच चालत राहतं. समोर कुणी नाही, हरायची सोयच नाही. मी बैठकीत विचारलं की मग यात खेळ कुठे आहे? आमचा नवा प्रमुख पोरगेलासा आहे, तो हसून म्हणाला, "उस्ताद, तुमच्या वेळी शत्रू लागायचा. आता लोकांना घरचेच पुरतात." सगळे हसले. मीही हसलो आणि अम्मानच्या त्या चढावर घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडत राहिलो.

आपल्या दुकानात पहिल्यांदा किल्ल्यांचे खेळ आले ते आठवतं? आई गेली त्यानंतरचं वर्ष. विद्यापीठ रस्त्यावर तेव्हा जिथे बघावं तिथे नेट कॅफे, आणि तरी बाबांकडे बसायला जागा नसायची. पोरं येऊन तासभर नुसती लाकडं तोडायची, मेंढ्या हाकायची, भिंती बांधायची. पहिला बाण सुटेपर्यंत चहाचे दोन ग्लास संपायचे. आजच्या पोरांना सांगितलं तर त्यांना वाटेल आपण शेतीच करत होतो. त्या पोरांच्या गर्दीत तुला बसवणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांनी जिन्यावरून तार ओढून वरच्या घरात तुला एक संगणक जोडून दिला आणि तुझं नाव ठेवलं अबू हदीद. खाली सगळ्यांना वाटायचं, अबू हदीद म्हणजे हुसन गावचा कुणी ट्रकवाला असणार. तू वरून त्यांचे किल्ले पाडायचीस, खाली ती पोरं केस उपटायची आणि बाबा गल्ल्यावर बसून मिशीत हसायचे. इंजिनिअरिंगचा एक पोरगा एकदा बाबांना म्हणाला, "अबू कुतैबा, या माणसाला दुकानात बोलवा तरी. त्याच्या हाताचं चुंबन घेतो." बाबा म्हणाले, "लाजाळू आहे रे तो. शिवाय त्याचा गृहपाठ राहिलाय."

आणि दुकान मिटलं की पत्ते. तू आणि बाबा एका बाजूला, मी आणि शेजारचा न्हावी अबू नायिफ दुसऱ्या. बाबांना संगणकावरच्या खेळांतलं काही कळत नव्हतं, पण तरनीबमध्ये भागीदाराचा चेहरा न बघता त्याच्या हातातली पानं सांगायचे. तुझी खोड ठरलेली होती. हुकमाची दुरी शेवटपर्यंत दाबून ठेवायची आणि शेवटचा हात तिनेच मारायचा. वर ती टाकण्याआधी विचारात पडल्यासारखं थांबायचं, हातात एकच पान असताना! अबू नायिफ कपाळाला हात लावायचा: "टाक गं बाई एकदाची, माझीच दाढी वाढली." तू चिडायचीस तेव्हा मात्र थट्टा नाही, एक पान इकडचं तिकडे नाही. बाबा म्हणायचे, "आज जपून रे, मैसून रागावली आहे, आज ती चुकणार नाही."

मग बंदुकांचे खेळ आले आणि तू नाक मुरडलंस. मला ते आवडायचे, कबूल करतो. मेलो की उठायचं, मागचं काही लक्षात ठेवायचं नाही. त्या वयात मला तेच हवं होतं. तू म्हणायचीस, ज्यात भिंत बांधावी लागत नाही त्यात पाडण्याची कसली मजा. मग फुटबॉलचे आले. ते बाबांनासुद्धा आवडले, कारण दोन पोरं एका खुर्चीवर बसून एकमेकांना ढकलत खेळायची. तिथवर ठीक होतं. मग विमानातून शंभर जण उडी मारतात ते खेळ फोनवर आले, आणि पोरं आपापल्या घरी गादीवर लोळत खेळायला लागली. शंभर जणांत जो तो एकटा. मला तेव्हापासून वाटत आलंय की खेळांच्या जाती चित्रांनी बदलत नाहीत आणि बंदुकांनीही नाही. आधी माणूस शेजारी बसायचा, मग तो दूर कुठेतरी बसायला लागला, मग तो खरा आहे की नाही हे विचारायचंच सगळ्यांनी सोडलं. आता टोमॅटो आलेत. यात माझाही हात आहे, आणि तो किती आहे ते पुढे येईलच.

तू बाबांना जे म्हणालीस ते खरंच होतं. "बाबा, हे खेळ संपले. खुर्च्या विका आणि दुसरं काहीतरी सुरू करा." फक्त ते तू अबू नायिफच्या देखत म्हणालीस. आणि बाबा म्हणाले, "संपले तर तूही ऊठ. नवे खेळ जिथे आहेत तिथे जा." तू माँट्रियलची नोकरी घेतलीस. टॅक्सी आली तेव्हा ते वर आले नाहीत, एवढंच तुला दिसलं. मी बॅग उतरवताना दुकानात डोकावलो होतो. गिऱ्हाईक एकही नव्हतं आणि त्यांनी सगळे संगणक चालू करून ठेवले होते. मी हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हापासून तुझा फोन आला की ते गच्चीत पुदिन्याला पाणी घालायला जातात. त्या पुदिन्याने इतकं पाणी कसं पचवलं, अल्ला जाणे. आणि तूही इतक्या वर्षांत एकदाही "त्यांना फोन दे" म्हणाली नाहीस.

आता माझ्याकडे येतो. तू गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मी तुला आमचा पत्त्यांचा खेळ तपासायला दिला होता. तुला तिकडे एकटं वाटत होतं, तू रोज खेळायचीस आणि मला चुका कळवायचीस. चुकांचं निमित्त होतं. आमच्या टेबलावर चौथा भिडू कमी पडला की आम्ही तिथे यंत्राचा खेळाडू बसवतो. ऑफिसात त्यांना पाहुणे म्हणतात. त्यांना माणसांची नावं असतात, समोरच्याला कळत नाही. असे पाहुणे लिहिणं हेच माझं काम. चांगला पाहुणा घडवायला चांगला खेळाडू लागतो, आणि तुझ्याहून चांगला मला कोण मिळणार होता? तुझे सगळे डाव मी त्याला शिकवले. दुरी, ते थांबणं, सगळं. नाव दिलं उम्म सहल. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हसून हो म्हणाली असतीस, असं मी स्वतःला सांगत आलो.

दुकान गेल्यावर बाबांचा वेळ जाईना म्हणून मीच त्यांना तो खेळ लावून दिला. (खाली आता फोनची कव्हरं विकतात, तुला सांगितलंच आहे.) गेल्या थंडीत मी एका गुरुवारी अम्मानहून घरी गेलो. रात्रीची नमाज होऊन तास झाला होता, बाबा शेगडीपाशी बसले होते. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, मला वाटलं कुणाकडे लग्न आहे. त्यांनी मला बखोटीला धरून बसवलं. "बोलू नकोस. बघ फक्त. माझी भागीदारीण बघ." डाव चालला होता. शेवटच्या हाताला ती भागीदारीण थांबली. आणि हुकमाची दुरी पडली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आलेले. "ओळखलंस? पुन्हा नाव बदललंय पोरीने. आधी अबू हदीद, आता उम्म सहल. मी हिशेब केला, आपले रात्रीचे आठ म्हणजे तिच्याकडे दुपार. जेवणाच्या सुट्टीत येऊन बसते. एक दिवस चुकवत नाही रे, ताप असेल तरी येत असेल." मी तोंड उघडलं तर माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "तिला सांगायचं नाही हं, मला कळलंय म्हणून. पळून जाईल."

मैसून, तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या दिवशी ते दोनदा वाढून घेऊन जेवले आणि अबू नायिफच्या नकला करून दाखवल्या, आणि माझी जीभ रेटली नाही. त्याच्यापुढचं जे आहे त्याला मात्र कसलीच सबब नाही. त्या खेळात भागीदाराला कॉफीचा कप पाठवता येतो, नुसतं चित्र. बाबा रोज पाठवायचे. पाहुणे उत्तर देत नाहीत, फक्त हसरा चेहरा दाखवतात. मी सोमवारी ऑफिसात जाऊन उम्म सहलला कॉफी परत पाठवायला शिकवलं. त्या आठवड्यात बाबांनी मला तीनदा फोन केला. मग एकदा त्यांनी लिहिलं, "इथे थंडी आहे. तिथे?" यंत्राला काय कळणार? मी अम्मानहून तिच्या खुर्चीत शिरलो आणि तुझ्या वतीने लिहिलं, "इथे बर्फ आहे." तीनच शब्द, पण त्या दिवसापासून मला आरशात नीट बघवत नाही. तोवर चूक यंत्राची आहे असं म्हणता येत होतं.

फक्त एक गोष्ट बाबांना खटकते. परवा म्हणाले, "फार नीट खेळते रे हल्ली. एक पान चुकत नाही. अजून रागावलेली आहे." मी म्हटलं, असेल मन लावून खेळत. "गप रे. तू तिच्यासमोर बसलास, मी तिच्याबरोबर बसलोय."

टेबलं बंद होणार हे त्यांना मीच सांगितलं. मला वाटलं, सुटलो, आता हे आपोआप संपेल. ते उठले. मग मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि कपाटामागची चादर ओढली. तुझी खुर्ची, मैसून, ती निळी, एका बाजूला कललेली. बाकीच्या सगळ्या विकल्या म्हणाले, ही नाही विकली. आणि म्हणाले, "शेवटच्या दिवशी मी तिला तिच्या नावाने हाक मारणार. लिहिणार, मैसून, तुझं बरोबर होतं. बघू काय म्हणते." कसं लिहायचं ते माझ्याकडून टाइप करून घेतलं, आता रोज घोकतात. मी अम्मानला परत आलो आणि तुझ्या वतीने उत्तर लिहून ठेवलं. लिहिलं, वाचलं, हुबेहूब तुझ्यासारखं जमलं होतं. मला स्वतःची शिसारी आली. मी ते पुसून टाकलं आणि हे लिहायला बसलो.

आता मागणं मागतो, माझी लायकी नसताना. बाबांना खरं काय ते मी सांगणार आहे, गुरुवारनंतर, समोर बसून, जे बोलतील ते ऐकून घेईन. पण त्यांनी "तुझं बरोबर होतं" म्हटल्यावर त्यांना हसरा चेहरा मिळू नये. गुरुवारी तुझ्या दुपारी मी उम्म सहलला त्या खुर्चीवरून उठवणार आहे. आत कसं यायचं ते वेगळं पाठवलंय. तू आली नाहीस तर मी तिथे यंत्र बसवणार नाही आणि स्वतःही बसणार नाही. तरनीबला चार भिडू लागतात, तीन असले तर पत्ते वाटलेच जात नाहीत, बाबा रिकाम्या टेबलाकडे बघत बसतील आणि मी त्यांच्या शेजारी असेन. आलीस तर काही लिहायची गरज नाही, माफ करायचीही नाही, त्यांना आणि मला तर नाहीच. राग असेल तर नीट खेळ, त्यांना ते कळतं आणि ते सोसतील. पण गेला असेल, थोडासा जरी गेला असेल, तर एखादं पान चूक, मैसून.

तुझे डाव न विचारता घेतलेला, तरीही तुझाच,
कुतैबा