राजीनाम्यावर सही करू नका

अहो,

गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. माझी सकाळची ड्यूटी आहे. चहा थर्मासमध्ये ठेवलाय.

काल दुकानात तुमच्या खात्यातल्या वेल्डरची बायको भेटली. "कमी करायच्या यादीत तुमच्या ह्यांचंही नाव आहे का हो?" म्हणाली. मी हसून वेळ मारून नेली. तेव्हा कुठे कळलं, हल्ली जेवताना तुमचं लक्ष का नसतं ते. मी आपली भाजीतल्या मिठाला दोष देत होते!

रागावले नाहीये. पण एवढं ऐका. साहेबांनी गोड बोलून राजीनामा मागितला, तर सही करू नका. आमच्या युनियनच्या ताईंना विचारलं मी. कंपनीने काढलं तर भरपाई मिळते, आपण होऊन सोडलं तर तिच्यावर पाणी सोडावं लागतं. "घरी विचारून सांगतो" म्हणा. बायकोला घाबरतो म्हणून हसले, तर हसू देत.

कंपनीचा विमा चालू आहे तोवर आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घेऊ. शुक्रवारची वेळ घेतलीय. एवढी घाई कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, घाबरतील. तर म्हणाल्या, "त्याचे बाबाही एकदा वर्षभर घरी होते. डबा घेऊन रोज बाहेर पडायचे, पोराला कळू नये म्हणून."

तुम्ही तसं करू नका. संध्याकाळी सरळ घरी या. काय ते तिघं मिळून ठरवू.