नाव ज्याचं, त्याच्या फोनवर

चाचा, सोमवारी माझं ऑपरेशन आहे, हृदयाचं, दुसऱ्यांदा. डॉक्टर म्हणतात घाबरायचं काही नाही, आणि तेव्हापासून मी जास्तच घाबरलो आहे. रात्रीची झोप गेली. पिशवी भरून ठेवली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. पण मधल्या दिवसांत एक काम पुरं केलं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दवाखान्यात जाववत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा हे काही नव्हतं, म्हणून आधी समजावतो. आता दुकानाला दोन पत्ते असतात. एक गल्लीतला आणि दुसरा फोनमधला. फोनमध्ये दुकानाचं नाव लिहून पुढं डॉट इन लिहिलं, की जगात कुठूनही माणूस थेट त्या दुकानाच्या पाटीसमोर येतो. इन म्हणजे आपला देश. आपल्या अक्षरांत डॉट भारतही मिळतं. नाव दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं, नाहीतर सुटतं, आणि दुसरा कोणीही उचलू शकतो. माझी मुलगी अमरावतीत ही नावं काढून देण्याचं दुकान चालवते. संगणक तिचा, पायपीट माझी. सातवीतून शाळा सोडलेला मी, म्हातारपणी मूर्तिजापूर, नांदगाव खंडेश्वर, मोर्शी करत दुकानदारांच्या मागं लागतो. ते काय काय ऐकवतात म्हणता! एक चक्कीवाला म्हणाला, "काकाजी, माहं गिऱ्हाईक तीन गल्ल्यांतलं. त्याले भारत कायले लावता?" दुसरा म्हणे, "डॉट कॉम असन तर द्या, हे इन म्हणजे हलकं दिसते." त्याला मी सांगितलं, कॉमवालं तुमचं नाव परदेशात कोणीतरी कधीच घेऊन बसलंय, इनवालं अजून तुमची वाट पाहून राह्यलं. घेतलं त्यानं. आवाज अजून लागतो, चाचा. तुमच्याकडंच कमावलेला आहे.

अकोल्यातलं तुमचं भोंग्यांचं दुकान मला आजही दिसतं. मागच्या खोलीत चाची अद्रकाचं पाणी उकळते आहे, पुढं तुम्ही बॅटरीच्या तारा घासता आहात, आणि मी सायकलरिक्षाला भोंगा बांधतो आहे. गावभर फिरून दुकानांची जाहिरात करायची, हे आपलं काम. तुमची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या भोंगेवाल्याकडं मी पाहिली नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की तुम्ही माइक आधी त्याच्या हातात द्यायचात. त्यानं आपल्या दुकानाचं नाव स्वतः बोलायचं, मगच आपण गल्लीत निघायचं. लोक लाजायचे. एक बांगडीवाली तर माइक पाहून हसत हसत खाली बसली होती. तुम्ही थांबलात, घाई केली नाही.

त्याच बांगडीवालीच्या कामात तुम्ही मला बोललात. मी माझ्या आवाजावर खूश होतो. तिच्या नावाची अशी लांब तान मारायचो की पोरं रिक्षामागं धावायची. पुढं बाया तिच्या दुकानात येऊन विचारू लागल्या, भोंगेवाल्याचं दुकान हेच का? मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही माइक काढून घेतला. "बेटा, आवाज तेरा है, दुकान उसकी है. लोकं तुले ओळखून राह्यले, तिले नाई. मंग तू केलं काय दिवसभर?" आठवडाभर मला फक्त रिक्षा ओढायला लावलीत. मी रागावलो होतो. त्याच आठवड्यात संध्याकाळी खडीसाखरेची पुडीही तुम्हीच माझ्या खिशात घालायचात, गळा सुकतो म्हणून, जरी गळ्याला काम नव्हतं.

आता माझी गोष्ट. नाव काढताना फोन नंबर द्यावा लागतो. त्या नंबरावर एक आकडा येतो, ओटीपी म्हणतात, तो टाकल्याशिवाय काही हलत नाही. आणि ओटीपी कोणालाही सांगू नका, असं दिवसभर कानीकपाळी ओरडतात. दुकानदार म्हणायचे, "तुमचाच नंबर टाका काकाजी, आमाले ते लफडं नको." मी टाकला. एकाचा टाकला, सगळ्यांचा टाकला. नाव त्यांचं, चावी माझ्या खिशात. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी माझा फोन बंद पडून राहिला, मुलगी माझ्या उशाशी होती, नव्याने घ्यायची तारीख निघून गेली आणि नांदगावच्या औजारवाल्या मियाभाईंचं नाव सुटलं. डवरे, वखर घडवणारा माणूस. मोसंबी घेऊन मलाच भेटायला आला, आणि हळूच म्हणाला, "काकाजी, लोकं मले विचारून राह्यले, दुकान उठलं काय तुमचं?" मुलीनं धावपळ करून नाव परत मिळवलं. पण मी पलंगावर पडल्या पडल्या विचार करत होतो, मी उठलोच नसतो तर? मुलगी म्हणाली, "मी आहे ना बाबा, माझा नंबर टाकते." मी नाही म्हणालो. खिसा बदलला म्हणून चावी काही मालकाकडं जात नाही.

मग एसटीनं निघालो. मुलगी ओरडली, डॉक्टरांचा धाक घातला. मी गोळ्यांची डबी दोनदा तपासली आणि गेलो. दुकानदाराशेजारी बसायचं, मुलीला फोन लावायचा, माझा नंबर काढून त्याचा टाकायचा. कोणी कुरकुरलं, कोणी चिडलं. चक्कीवाल्यानंही शेवटी नाव घेतलं होतं, तो म्हणाला, "आता आमी परके झालो काय?" तरी केलं. काल शेवटची राहिली होती मोर्शीची बाई, संत्र्याच्या कलमा करून विकणारी. लांबलांबचे बागवाले तिला फोनमधल्या नावावरून शोधत येतात. पण मागं एकदा बँकेतून बोलतो म्हणून कोणीतरी फोनवर आकडा विचारून तिचं खातं पुसलं होतं. तेव्हापासून ती त्या आकड्याला सापासारखी भिते.

ती जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधत बसली होती. वर न पाहताच म्हणाली, "नाई म्हन्जे नाई. तुमच्यापाशीच राहू द्या, तुमी का पळून जाता?"

"सोमवारी छाती फाडून राह्यले माही, बाई."

"देव हाय ना."

"देव हाय, पन देवाच्या फोनवर ओटीपी येत नाई."

ती हसली. मग चाकू ठेवून बोटांवरची माती चोळत बसली. मीही थांबलो. घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "आकडा आला तं तुमाले सांगा लागन काय?"

"कोनालेच नाई. तुमीच टाकायचा, तुमच्या बोटानं."

तिनं हात धुतले, पदराला पुसले, फोन आणला. मी मुलीला फोन लावला. बाईच्या फोनवर आकडा आला तशी ती चटकन वळली, फोन पदराआड धरला, आणि मला म्हणाली, "तिकडं तोंड करा बरं काकाजी. तुमी बी पाहू नका."

मी रोपांच्या ओळींकडं तोंड करून उभा राहिलो. मागं तिची बोटं एकेक आकडा दाबत होती. मग म्हणाली, "झालं. आता माहं माह्यापाशी."

चाचा, हेच व्हावं म्हणून मी हिंडलो. तरी पदराआड फोन गेला तेव्हा मला लागलं. इतक्या वर्षांचा भरवसा, आणि मीच तोंड फिरवून उभा. परत येताना एसटीत तेच मनात घोळत होतं. काम झालेलं मुलीला फोनवर कळलंच होतं, पण हे लागलेलं मी तिला सांगितलं नाही. हे दुसरं कुणाला सांगता येईना, म्हणून जिथून उत्तर येणार नाही तिथं लिहून ठेवलं.