नियंत्रण कक्षच पेटला तर

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच गोड मानून घ्या, वाकलं की अजून खोकल्याची उबळ येते.) तुमचा भाजलेला हात कसा आहे? ताई कशी आहे? तुम्हाला नोटीस आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून तिचीही खुशाली तुम्हालाच विचारतोय.

आता त्या दिवसाचं. तुम्ही बाहेर होतात, मी आत. तेव्हा आतली बाजूही तुम्हाला कळायला हवी. गावावर संकट आलं तर अग्निशमन, पोलीस, हॉस्पिटल, पाणी आणि तुमची वीज या पाच खात्यांनी मिळून काय करायचं, याचा आराखडा मीच लिहिला. (ताईच्या मते मी आयुष्यात दुसरं काही केलंच नाही.) बैठका वर्षभर चालल्या. संकट येऊ नये यावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं; उरलेलं वर्ष पहिल्या पानावर कुणाची सही कुणाच्या वर, यात गेलं. शेवटी सह्या गोलाकार घ्यायचं ठरलं, तर हॉस्पिटलवाले म्हणाले, गोलाची वरची बाजू कुणाची? आतली पानं कुणी उघडून पाहिली असतील तर मी मिशा उतरवीन. दुसऱ्याच्या वॉकीटॉकीवर बोलणं प्रत्येकालाच कमीपणाचं, म्हणून तळघरातल्या आमच्या नियंत्रण कक्षात पाच खात्यांचे पाच संच आले, आणि पाचही चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लागले. समन्वय झाला म्हणायचा तो तेवढाच, आणि त्यानेच पेट घेतला.

आधी वास आला, मग धूर. दाराकडे धावलो, तर ते पडलं विजेच्या कुलपाचं, आणि कार्ड वाचणारी डबी आधीच वितळलेली. फोन तेवढा चालू होता. अग्निशमनचे अधिकारी म्हणाले, वीज बंद झाल्याशिवाय पाणी मारता येत नाही. बरोबर आहे. तुमचे इंजिनिअरसाहेब म्हणाले, नियंत्रण कक्षाचं लेखी पत्र आल्याशिवाय वीज बंद करता येत नाही. म्हटलं, साहेब, नियंत्रण कक्ष मीच, आणि मी जळतोय! तर म्हणे, मग तसं लिहून पाठवा. (दाजी, ते कलम माझंच. त्या धुरात मला ते शब्दन्‌शब्द आठवत होतं आणि एक पळवाट सापडत नव्हती, इतकं चोख लिहून ठेवलं होतं मी गाढवाने.) पोलिसांनी गर्दी मागे हटवली, तिच्याबरोबर रुग्णवाहिकाही हटवली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ताई डोळ्यांपुढे आली, तीही रागावलेलीच.

मग दिवे गेले आणि दाराचं कुलूप आपोआप सुटलं. इंजिनिअरसाहेब ‘थांब’ म्हणून ओरडत असताना तुम्ही मेन स्विच ओढलात, हे मागाहून कळलं. तेव्हा कळली ती फक्त मला वाहून नेणारी तुमची पाठ. (शर्टाचं जे झालं त्याची लाज वाटते.) आणि आता विनाआदेश वीज बंद केली म्हणून नोटीस कुणाला, तर तुम्हाला! नळी हातात धरून बघत राहिले त्यांना प्रशस्तिपत्रकं. आग लागो त्या आराखड्याला म्हणावं, तर तीही लागून झाली.

कळावे,
तुमचा (तुमच्यामुळेच अजून असलेला)
मेव्हणा

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. पाचही खात्यांचा एकत्रित अहवाल मीच लिहिलाय. मोठ्या साहेबांचं म्हणणं, आराखडा चुकला असं कागदावर येता कामा नये. तेव्हा वीज आपोआप गेली, मी स्वतः चालत बाहेर आलो, आणि तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. सोबतच्या रजेच्या अर्जावर मागची तारीख घालून सही करा, नोटीस मागे घेतील. साहेब आत्ताच येऊन खुर्चीमागे उभे राहिलेत, त्यांचाही नमस्कार.

ता. क. दुसरा – हे टपालपेटीवर कागद टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं. सही करू नका. अर्ज फाडून टाका. वरचा ता. क. साहेबांनी सांगून लिहून घेतला. मागची पानं त्यांनी उलटली नाहीत, सवयच नाही. अहवालाचंही तेच झालं. पाचही जणांनी पहिल्या पानावर आपली जागा तपासली आणि सह्या ठोकल्या. आतल्या पानांवर स्विच तुम्हीच ओढलाय, आणि मी तुमच्या पाठीवरूनच बाहेर आलोय. आता नोकरी गेलीच तर माझी जाईल. ताईला म्हणावं, आता तरी बोल.